मधला भाग

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. वर नाव, इयत्ता, विषय असे रकाने छापलेली, शाळेतल्या मुलांची असते तशी. विषयाच्या रकान्यात मी 'तुळशी विराणी' असं लिहून ठेवलं आहे आणि आतला सगळा मजकूर लाल शाईत आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईच्या घरात लाल शाईला काय तोटा!

वहीची सुरुवात 2000 सालच्या पावसाळ्यातली. त्या वर्षी 3 जुलैला स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका सुरू झाली. आठवड्याचे चार दिवस, रात्री साडेदहाला. आमच्या शहापुरात साडेदहा म्हणजे मध्यरात्रच. एके काळी त्या वेळेला आमच्या गल्लीत फक्त हातमागांचा आवाज असायचा, नंतर तोही थांबला. पण त्या जुलैपासून साडेदहाला प्रत्येक घरातून एकच शीर्षकगीत ऐकू येऊ लागलं. रस्त्यानं चालत गेलं तरी एक ओळ चुकत नसे.

आमच्या घरात ती मालिका बघायची आत्या. आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या आणि सासूही. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी देण्याची रीत आमच्याकडे जुनी. मी निपाणीची. ज्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या वर्षीचा, 1956 चा, माझा जन्म. 1978 साली लग्न होऊन शहापुरात आत्याच्याच घरात आले. आत्या तेव्हा पन्नाशीची, मालिका सुरू झाली तेव्हा बहात्तरची. हिंदी तिला बोलता येत नसे, पण समजायचं सगळं. ती भिंतीला टेकून बसायची आणि मी शेजारी पेपर तपासत. बघत नसल्यासारखं बघायचं, हा शिक्षकांचा जुना छंद.

बघता बघता माझं डोकं फिरायला लागलं. कारण साधं होतं. आम्ही वर्गात शिकवतो, परीक्षेत विचारतो, 'अमक्याचं स्वभावचित्र रेखाटा.' मुलं लिहितात : तो प्रेमळ आहे, तो करारी आहे, उदाहरणार्थ अमुक प्रसंग. आता या मालिकेतल्या माणसांवर असा प्रश्न कुणी काढला असता तर मीच नापास झाले असते. सोमवारी करारी असलेलं माणूस गुरुवारी हळवं. मागच्या महिन्यात ज्यानं जिवाची बाजी लावली तोच या महिन्यात संशय घेणारा. आणि मागचं कुणाला आठवतच नाही! म्हणून मी वही घातली. तारीख, पात्र, चूक. तीन रकाने.

त्यातल्या काही नोंदी आज वाचताना हसू येतं. मिहीर गेला, तेव्हा आमच्या गल्लीत सुतक पाळल्यासारखी शांतता होती. देशभरातले लोक हळहळले आणि मग मिहीर परत आला, पण स्मृती गमावून. त्याची शुश्रूषा करणारी डॉक्टर मंदिरा त्याच्या आयुष्यात आली. पुढे मंदिरापासून झालेला त्याचा मुलगा करण गोष्टीत आला. माझी नोंद : 'स्मृती जाणे म्हणजे खोडरबर. लेखकाने वापरू नये.' त्यानंतर मिहीरचा चेहराच बदलला. अमर उपाध्याय गेले, थोडे दिवस इंदर कुमार आले, मग रोनित रॉय. चेहऱ्याबरोबर माणूसही बदलला. पहिला मिहीर हसरा, लाडावलेला. तिसरा गंभीर, कपाळाला आठी. मंदिराचेही चेहरे बदलत गेले. कथा एकदम वीस वीस वर्षांनी पुढे उडी मारायची आणि विशी-तिशीतली स्मृती इराणी डोक्यात पांढरी बट लावून आजी व्हायची. सुधा शिवपुरींची 'बा' मात्र होती तशीच. आमच्या ह्यांनी एकदा कागदावर हिशेब मांडला, तर बांचं वय शंभराच्या पुढे गेलं. आत्या म्हणाली, "असू दे की. म्हाताऱ्या माणसाचा हिशेब कशाला करालास?"

पण माझ्या लाल शाईचा सगळ्यात मोठा रोख होता तो सवितावर. सविता म्हणजे तुळशीची सासू, अपरा मेहतांनी रंगवलेली. तुळशी पुजाऱ्याची मुलगी. मिहीरचं लग्न ठरलेलं पायलशी, आणि घरात आली ती तुळशी. सविताला ती डोळ्यासमोर नको होती. इथवर सगळं रीतसर. पुढे मात्र हीच सविता तुळशीच्या मागे भिंतीसारखी उभी. मग पुन्हा काही गैरसमज, पुन्हा तेच. मी वहीत लिहिलं होतं : 'सविता आज पूर्ण बदललेली. का? केव्हा? मधला भाग कुठे आहे?'

असं का होतं, हे मला पुढे वाचून कळलं. रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. एकजण सोडून गेला की चौथा येतो, आणि त्यानं मागचे पाचशे भाग पाहिलेले असतातच असं नाही. भाग दाखवायच्या जेमतेम थोडे दिवस आधी चित्रित होतात. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. आकडा घसरला की कथेला कलाटणी. नट दुसरीकडे गेला की पात्राला अपघात किंवा परदेशवारी. खलनायिका लोकांना आवडू लागली की तिला पश्चात्ताप. मराठीतही हेच. 'माझ्या नवऱ्याची बायको' 2016 साली सुरू झाली तेव्हा नागपूरकडची साधी गृहिणी असलेली राधिका बघता बघता तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. शनाया रसिका सुनीलची ईशा केसकर झाली आणि पुन्हा रसिका सुनील झाली. ईटीव्ही मराठीवर 2001 साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' 2013 पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग. तीन हजार भागांत एका माणसाचा स्वभाव सरळ रेषेत ठेवायचा म्हणजे मागावर बसून तीन हजार वार कापड एकाच विणीत काढायचं. एखादा तार तुटणारच.

पण आठवड्याला लिहिणं म्हणजे बिघडवणंच, असंही नाही. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' 'करमणूक' साप्ताहिकातूनच क्रमशः आली. तिथली यमू लहानपणापासून बदलत जाते, पण प्रत्येक बदल आपल्या डोळ्यांदेखत होतो. दूरदर्शनवर 1984 साली आलेल्या 'हम लोग'चे दीडशेच्या वर भाग झाले, पण लेखक एकच, मनोहर श्याम जोशी. एका डोक्यात सगळं कुटुंब राहत होतं. धोटा कितीही वेळा इकडून तिकडे गेला तरी ताणा एकच असला की कापड एक राहतं. हे मी विणकरांच्या घरात येऊन शिकले, पुस्तकात नव्हे.

असो. सांगायचं आहे ते निराळंच.

सविता बदलली त्या रात्रीची गोष्ट. वर्ष बहुधा 2001. मी पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "हे काय? कालपर्यंत जी घराबाहेर काढायला निघाली होती ती आज एकदम पोटाशी धरते? माणूस असं बदलतं का? मधला भाग कुठं आहे?"

आत्या टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मधला भाग कोण दाखवत्यात व्हय? मधला भाग सैपाकघरात असतो."

मी गप्प झाले. हे नुसतं मालिकेबद्दलचं बोलणं नव्हतं, इतकं मला बावीस वर्षांत कळत होतं.

इथे जरा मागे जायला हवं. निपाणीला मी लहान असताना आत्या दरवर्षी माहेरपणाला यायची. ती आली की आम्हा भावंडांची दिवाळी. मला मांडीवर घेऊन वेणी घालायची, माझं पुस्तक उलटंसुलटं करून बघायची आणि म्हणायची, "शिक गं. मी शिकलो न्हाई, तू शिक." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. मी बी.ए. झाले तेव्हा लग्नाची बोलणी करायला आत्याच आली. वडिलांना म्हणाली, "पोरीला बी.एड. करतो मी. काळजी करू नको." मला वाटलं, माझ्यासारखी नशीबवान मीच. सासरी जायचं ते आत्याकडेच जायचं.

लग्नाला आठ दिवस झाले नसतील, आत्यानं मला मागच्या पडवीत बोलावलं. म्हणाली, "आता आत्या म्हणायचं न्हाई. सगळ्यांसारखं आई म्हणायचं. अहो-जाहो करायचं." त्या दिवसापासून ती निराळीच बाई झाली. भाकरी जाड झाली तर चार माणसांत बोलायची. कांड्या भरताना सूत तुटलं तर नाव काढायची. माझ्या केसांना तिनं पुन्हा हात लावला नाही. मी एकदा धीर करून बी.एड.चं विचारलं, तर "बघू" म्हणून उठून गेली. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी न्हाणीघरात जितकी रडले तितकी नंतर कधीच नाही. निपाणीला पत्र लिहायचे त्यात 'आत्या बरी आहे' एवढंच.

मग 1980 च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. आत्या आली, माझ्या ताटाशेजारी रुमालात बांधलेले पैसे ठेवले आणि म्हणाली, "उद्या कालेजात जाऊन फारम भर." बस्स. ना प्रस्तावना, ना उपसंहार. मी वर बघितलं तर तिच्या हातातल्या पाटल्या नव्हत्या. मी विचारलं. "जड व्हायला लागल्या," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी बी.एड. झाले, शाळेत लागले, पगार आणू लागले. आत्या हळूहळू पुन्हा मऊ होत गेली. पण ती दोन वर्षं माझ्या मनात गाठीसारखी राहिली. वर्गात मी स्वभावचित्र शिकवायची आणि घरी एका स्वभावाचं चित्र मला वीस-बावीस वर्षं जुळवता येत नव्हतं.

त्या रात्री, जाहिराती लागल्यावर मी म्हणाले, "आत्या, मधला भाग सांग." कितीतरी वर्षांनी तिला आत्या म्हटलं आणि 'तू'ही म्हटलं. तिनं ते चालवून घेतलं.

ती म्हणाली, "थोरलीनं शिलाई मशीन मागितलं होतं. तू यायच्या आधी. तुझ्या मामंजींनी न्हाई म्हटलं. घरात माग असताना आमच्या बायकांनी दुसऱ्याची कापडं शिवायची, म्हणाले. थोरली खानापूरची, परक्या घरातली. तिला मशीन न्हाई आणि तू माझ्या भावाची पोर म्हणून तुला कालेज? ती काय म्हणाली असती? जन्मभर मनात धरली असती."

"पण मग माझ्याशी तसं वागायचं कशाला?"

"गोड बोललो असतो तर तू मागितलं असतंस. मागितलं असतंस तर मी दिलं असतं."

मी काही बोलले नाही.

"आधी थोरलीचं झालं. एक पाटली तिच्या मशीनला. दुसरी तुझ्या फीला."

"आणि मामंजी?"

"पाटल्या घट्ट होत्यात म्हणून पेटीत ठेवल्या, म्हटलं. पुरुषमाणूस पेटी उघडून बघतो व्हय?" आणि लगेच, "आता गप. लागलं बघ. तुळशी काय म्हणालीय ऐकू दे."

वाचकांना वाटेल, मला भरून आलं असेल. खरं सांगायचं तर त्या रात्री मला राग आला. माझी दोन वर्षं तिनं हिशेबात धरली होती, पण मला न विचारता. एक शब्द सांगितला असता तर मी दोन काय, चार वर्षं थांबले असते. अंथरुणावर पडून मी तेच घोकत होते. आणि मग एकदम आठवलं ते मशीन. पायानं चालवायचं 'उषा'चं मशीन. मी फॉर्म भरला त्याच्या काही महिने आधी घरात आलं होतं. थोरल्या जाऊबाईंच्या खोलीत ते दुपारभर चालायचं आणि मी भिंतीच्या अलीकडे कांड्या भरत त्याचा आवाज ऐकायची. मी समजले होते, थोरल्या दिरांनी घेतलं असेल. पुरावा रोज कानांवर येत होता. मी जोडला नाही.

पुढच्या रविवारी वडगावला जाऊबाईंकडे गेले. त्या तेव्हा वेगळ्या राहत होत्या. मशीन अजून होतं, खिडकीशी. मी आडून आडून विषय काढला. त्यांनी दोरा ओवता ओवता सांगितलं, "मला पहिल्यापासून ठाऊक आहे की. दोन्ही वेळेला सराफाकडे मीच गेले होते आईंबरोबर. तुमच्या फीची पाटली मीच पदरात धरून नेली. तुम्हाला सांगायचं नाही, म्हणाल्या. तुम्ही निपाणीला लिहाल आणि भावाला वाईट वाटेल."

म्हणजे परक्या घरातली जी होती, जिच्या मनात येऊ नये म्हणून सगळा खटाटोप, तिला सगळं ठाऊक होतं. आंधळी होते ती मीच. दुसऱ्यांच्या पात्रांतल्या चुका काढणारी.

त्यानंतर मी वही पुन्हा काढली आणि तपासलेले पेपर फेरतपासणीला घ्यावेत तशी वाचली. 'का? केव्हा?' असे शेरे जिथे जिथे होते तिथे थांबले. काही लाल रेघा खोडल्या. माणूस प्रेमळ असूनही कठोर वागू शकतं, हे मी चूक धरलं होतं. ती चूक माझी. पण सगळ्या रेघा खोडल्या नाहीत. मालिकेवाल्यांना माफी द्यायची म्हटली तरी देता येईना, आणि त्याचं कारण मला आता नीट सांगता येत होतं. आत्या बदलली तेव्हा घरातून दोन पाटल्या गेल्या आणि एक मशीन आलं. बदलाचा हिशेब कुठंतरी पडला होता. शोधलं असतं तर सापडला असता. सविता बदलली तेव्हा शांतिनिकेतन नावाच्या त्या भल्या मोठ्या वाड्यातलं एक भांडंसुद्धा जागचं हललं नाही. तिथे मधला भाग झाकलेला नव्हता. तो नव्हताच. लिहिणाऱ्यालाही तो माहीत नव्हता. लपवलेलं आणि नसलेलं, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण पुढे वागण्यात फरक पडतो. आत्या त्या दोन वर्षांनंतर कधीच पहिल्यासारखी झाली नाही. मऊ झाली, पण माझ्याशी बोलताना जरा जपून. सविताला मात्र मागचं काहीच बाधत नसे.

तरी मालिकेच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. तिथली तुळशी आपल्या पोटच्या मुलाला, अंशला, त्याच्या अपराधांपायी स्वतःच्या हातानं गोळी घालते आणि मंदिराच्या मुलाला, करणला, आपला म्हणते. हे दोन्ही प्रसंग पाहून आमची आत्या म्हणाली होती, "ही बाई खरी आहे." कारण त्याची तयारी आधी झालेली होती, आणि त्याचा भार तुळशी पुढे वाहत राहिली. जिथे भार वाहिला तिथे माणूस उभं राहिलं. आणि अंथरुणाला खिळलेल्या सविताला यातनांतून सोडवण्यासाठी तुळशी यंत्र बंद करते, तो भाग आम्ही दोघींनी काही न बोलता पाहिला. संपल्यावर आत्या म्हणाली, "माझं असं काय करू नकोस हं. मला शेवटचा भाग बघायचाय." दोघी हसलो, पण तिनं माझा हात धरला होता. बऱ्याच वर्षांनी.

तिनं शेवटचा भाग पाहिला. 6 नोव्हेंबर 2008. एकूण 1833 भाग. मधे 2007 साली तुळशीचाही चेहरा बदलला होता. स्मृती इराणींच्या जागी गौतमी कपूर आल्या होत्या आणि शेवटाकडे स्मृती इराणी परतल्या. आत्याला ती मधली तुळशी कधी पटली नाही. "बाई चांगली आहे, पण आमची न्हवं," म्हणायची. पुढच्याच वर्षी, 2009 च्या श्रावणात, आत्या गेली. झोपेतच. पेटी उघडली तेव्हा तळाशी एका रुमालात सराफाच्या दोन चिठ्ठ्या होत्या. आकडे पुसट झालेले. जाऊबाई म्हणाल्या, "एक तुम्ही ठेवा, एक मी."

29 जुलै 2025 ला स्टार प्लसवर तीच मालिका पुन्हा सुरू झाली. तीच स्मृती इराणी आणि पहिला मिहीर, अमर उपाध्याय. मधले दोन मिहीर जणू कधी नव्हतेच. सतरा वर्षांचा मधला भाग पुन्हा गायब! मी सत्तरीला टेकलेली, शाळा सुटून बरीच वर्षं झालेली. जाऊबाईंना फोन केला, त्या रिक्षा करून वडगावहून आल्या. दोघी भिंतीला टेकून बसलो. मी सवयीनं वही घेतली, तारीख घातली, लाल पेनाचं टोपण काढलं. तुळशी तुळशीवृंदावनाला पाणी घालायला आली तशा जाऊबाई म्हणाल्या, "आईंनी ही ओळखली असती."

पहिल्याच भागात तीन चुका सापडल्या. तिन्ही लिहून ठेवल्या आहेत. चौथ्या रकान्याला जागा करायला रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मधला भाग'. तो रकाना अजून कोरा आहे.